गावात नसलेलं तळं

प्रिय ठोंब्या यास,

अनेक नमस्कार. त्यातला एक तुला, बाकीचे सगळे वहिनींना. पन्नास वर्षं तुझ्याशी संसार करायचा म्हणजे बंद घड्याळाला रोज वेळ विचारायची, आणि तीही न चिडता. तुझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. डाव्याची फार घाई करू नकोस, दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसायला लागलं की माणूस आरशात बघतो आणि मग जेवण जात नाही. माझं विचारशील तर (तू विचारणार नाहीस, तू कधीच काही विचारत नाहीस, म्हणून मीच सांगतो) गुडघे कुरकुरतात, दात निम्मे राहिलेत, आणि पुढचे दोन गेल्यापासून कविता म्हणताना मधूनच शिट्टी वाजते, त्यामुळे शेजाऱ्यांचं कुत्रं दुसऱ्या कडव्यालाच फाटकात हजर होतं. रसिक श्रोता मिळायला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली, एवढंच. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू 'हं' म्हणतोस. मागच्या खेपेला मी सतरा मिनिटं बोललो आणि तू चार वेळा 'हं' म्हणालास, त्यातले दोन खोकल्याचे होते असं वहिनींनी मागाहून सांगितलं. शिवाय टपालखात्यात पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं वाटली, तेव्हा एक लांबलचक पत्र स्वतः लिहायचा माझाही हक्क आहे. आणि तिसरं कारण असं की जे सांगायचंय ते तोंडानं सांगता येण्यासारखं नाही. कागद मध्ये असला की बरं पडतं.

माझी नात तुला आठवत असेल. लहानपणी तुझ्या दुकानात तिनं गजराच्या घड्याळाचा स्क्रू गिळला होता आणि घाबरलेल्या डॉक्टरांना तू शांतपणे म्हणाला होतास, "उद्या सहाला वाजेल." (तुझ्या आयुष्यातला हा एकमेव विनोद. आम्ही घरात तो अजून जपून वापरतो.) ती आता एका संशोधन संस्थेत आहे. काम काय, तर मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं या मंडळींना वर्षभर जेवायला कुठे मिळतं ते शोधायचं. आपण फुलाकडे बघून अहाहा म्हणतो. माशी फुलाकडे बघून म्हणते, आज काय केलंय? फुलं म्हणजे त्यांच्या खानावळी. कुठल्या खानावळीत गोड रस मिळतो, कुठे नुसताच पराग, कुठली कुठल्या महिन्यात उघडते, किती वाजता दार लावून घेते, आणि मुख्य म्हणजे सगळ्याच बंद असतात असा उपासाचा पंधरवडा कुठला, हे कळलं तर नेमकं त्या दिवसांत फुलणारं काहीतरी लावता येतं. नाही कळलं तर माश्या मरतात, आणि माश्या गेल्या की भोपळाही गेला. हे सगळं तिनं मला चहाच्या कपात चमचा फिरवत फिरवत सांगितलं आणि मी थक्क झालो, गड्या. जन्मभर मी वसंतावरच्या कविता म्हणत आलो, पण वसंताला एवढ्यांचा स्वयंपाक करावा लागतो हे मला कुठल्याच कडव्यानं सांगितलं नव्हतं.

आता गंमत बघ. जगभर ही माहिती जमवतात ती इंग्रजीत छापलेल्या लेखांतून. इंग्रजीत आलं नाही ते फुललंच नाही, असा एकंदर कारभार. त्यांच्या नकाशावर आपल्या भागात एक मोठा पांढरा डाग आहे, जणू इथे आजवर एक कळी उमलली नाही की एक माशी बसली नाही. तर नातीनं भर बैठकीत हात वर केला आणि म्हणाली, हा डाग फुलांचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे. आपल्या भाषेत मधपाळांची मासिकं आहेत, शेतीची पत्रकं आहेत, शाळांचे हस्तलिखित अंक आहेत, लोकांच्या रोजनिश्या आहेत, ते उघडायची तसदी कुणी घेतली नाही. (आमच्या घराण्यात बैठकीत हात वर करणारी ही पहिलीच, आम्ही सगळे दारातूनच मान डोलावणारे.) त्यांच्या मुख्य ज्या आहेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागतील, पण चष्म्यावरून बघतात तेव्हा आपण खुर्चीत असूनही उभे राहतो. बाई म्हणाल्या, जुनं आहे म्हणून खरं असतं असं नाही. शंभर नोंदी आण, लिहिणाऱ्यानं स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या. मुदत या महिन्याच्या तीस तारखेची. जमलं तर काम पुढे चालू, नाही जमलं तर कपाटं बंद, आणि तू परत इंग्रजी लेखांच्या टेबलावर.

तर या कामी मला हाताखाली घेण्यात आलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर मधपाळांच्या मासिकाचे एकोणीस वर्षांचे अंक येऊन पडले आणि मी बाह्या सरसावल्या. रकाने होते: फूल, महिना, काय मिळतं, कोण येतं, किती, कुठलं पान. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी बत्तीस नोंदी केल्या आणि निवृत्तीनंतर प्रथमच मला सात वाजता भूक लागली. नातीनं तक्ता वाचायला घेतला. 'कोण येतं' या रकान्यात मी एके ठिकाणी 'मंद वारा, एक उदास भुंगा आणि संपादकांचे मन' असं लिहिलं होतं. 'किती' या रकान्यात सगळीकडे 'असंख्य'. तिनं बराच वेळ पेन गालाला लावून ठेवलं आणि मग इतक्या मवाळपणे विचारलं, "आजोबा, असंख्य म्हणजे साधारण किती?" की मला तिथल्या तिथे जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. बत्तीसमधल्या चारच तगल्या. पण एक शब्द वाकडा बोलली नाही पोर. उलट मला जवळ बसवून दाखवलं, की हा बघा, हा मधपाळ चिडून लिहितोय की यंदा शेजाऱ्यानं कांद्याचं बी धरायला शेत सोडलं नाही म्हणून पेट्यांत मध नाही. तुम्ही याची तक्रार म्हणून पान उलटलंत. पण यात फूल आहे, महिना आहे, आणि माश्या उपाशी राहिल्याचा पुरावा आहे. मी ते पान पुन्हा वाचलं. कटकट्या माणसाच्या चार ओळी, आणि तिनं त्यातून अख्खं शेत फुलवून दाखवलं! एवढ्या कविता पाठ करून मला जे साधलं नाही ते.

तिच्याकडे तीन पेन्सिली आहेत, त्यांच्याबद्दल नीट सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण (माफ कर, महाभारत) त्यांच्यावरून झालं. लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं असेल तर नोंदीखाली हिरवी रेघ. कुणाकडून ऐकून लिहिलं असेल तर निळी. दुसऱ्या पुस्तकातून उचललं असेल किंवा मनानं रचलं असेल तर लाल. मोठ्या बाईंना शंभर हव्या होत्या त्या फक्त हिरव्या. महिना निम्मा सरला तरी चोपन्नच्या पुढे गाडी जाईना. पोरगी जेवताना घास हातात धरून बसायची.

आणि एक दिवस ती दारातूनच ओरडत आली. हातात बाड. आपल्या शाळेच्या कपाटातलं! गुरुजींनी आपल्याला दर शनिवारी फुलांची वही लिहायला लावली होती, आठवतं? कुठलं फूल फुललं, त्यावर कोण बसलं, आणि प्रत्येक नोंद 'मी पाहिले की' या शब्दांनीच सुरू झाली पाहिजे, नाहीतर हातावर छडी. दरवर्षीची सगळ्यात सुंदर वही ते बांधून कपाटात ठेवत. तीन वर्षं ती माझीच होती. (हे तुला मी सांगायला नकोच.) नातीनं मला दारातच मिठी मारली. म्हणाली, आजोबा, तुम्ही तेरा वर्षांचे असताना हे काम करत होतात आणि मला बोलला नाहीत! सेहेचाळीस नोंदी, तारीखवार, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला 'मी पाहिले'. चोपन्न आणि सेहेचाळीस, बरोब्बर शंभर. टेबलावर बसून तिनं एकामागून एक हिरव्या रेघा ओढल्या, पेन्सिल दोनदा टोकदार करून घेतली, आणि मी समोर बसून बघत राहिलो.

ठोंब्या, मी त्यातलं काहीही पाहिलं नव्हतं.

तुला ठाऊक होतंच म्हणा. शनिवारी सकाळी तुम्ही सगळे बाहेर हुंदडायला जायचात आणि मी वर्गात खिडकीशी बसून पाठ्यपुस्तकातल्या कवितांमधून फुलं खुडायचो. कवितेत गुलाब आला की माझ्या वहीत गुलाब. कवितेत भृंग आला की माझ्या वहीत भृंग. 'मी पाहिले की गुलाबाच्या गाली दंव, भृंग गाई मंद रव.' गुरुजींचे डोळे पाणवायचे. हे सगळं मी नातीला तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ना, तसं माझ्याकडे बऱ्याच वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. (आमच्या हिनं एकदा पाहिलं होतं, लग्नाच्या आधी. लग्नानंतर तिनं माझा पगार आणि माझं अक्षर दोन्ही जवळून बघितलं.) म्हटलं, दोन दिवस मिरवू, मग सांगू.

दोन दिवसांनी मला संस्थेत बोलावणं आलं. इस्त्रीचा सदरा घालून गेलो. लांब टेबल, बारा माणसं, भिंतीवर तो पांढऱ्या डागाचा नकाशा. मी थोडं बोललो, थोडं म्हणून दाखवलं (शिट्ट्या दोनच वाजल्या), चहा आला, टाळ्याही झाल्या. मग मोठ्या बाईंनी वही उघडली, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं की सत्ताविसाव्या नोंदीत सायंकाळी कमळ मिटलं आणि भुंगा आत कोंडला गेला असं आहे, तर हे तळं गावात कुठे होतं? आता आपल्या गावात पाणी म्हणशील तर नळाचं आणि डोळ्यांचं, तिसरं नाही. पण बारा माणसं वाट बघत होती आणि नात हसून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, शाळेच्या मागे. बाई म्हणाल्या, केवढं? मी हात पसरले. खोल? म्हटलं, आम्हाला जाऊ देत नसत. पुढच्या पाच मिनिटांत मी त्याला दगडी काठ बांधला, पायऱ्या केल्या, दोन बदकं सोडली. इतक्या कमी वेळात इतकं मोठं तळं आजवर कुठल्याही खात्यानं खोदलं नसेल.

बाईंनी विषय तिथे सोडला, पण नातीनं नाही सोडला. तळं गेलं कुठे, हे तिला हवं होतं. तीन दिवस ती भूमापन कचेरीत जाऊन बसली. जुने नकाशे, धुळीच्या गुंडाळ्या, तिथला कारकून रोज सांगायचा की उद्या या. चौथ्या दिवशी ती परत आली तेव्हा तिच्या चपलांपासून भुवयांपर्यंत धूळ होती आणि डोळे मात्र लकलक करत होते. तळं सापडलं नव्हतंच, पण तिला वाटत होतं की ते कुणीतरी बुजवून त्याची नोंदसुद्धा पुसून टाकली. 'हरवलेलं तळं' असा एक वेगळा लेखच ती लिहायला घेणार होती. गावातले भुंगे कमी झाले ते त्या तळ्यामुळे, असं त्यात येणार होतं. एखाद्या बिचाऱ्या मेलेल्या नगरपालिका अध्यक्षावर आळ येणार होता, ठोंब्या! ती हातपाय धुवायला गेली तेवढ्यात मी तिच्या पिशवीतून लाल पेन्सिल काढली आणि माझ्या वहीतल्या नोंदींखाली, पहिलीपासून, तिच्या हिरव्या रेघांना लागून लाल रेघा ओढत सुटलो. घाईत त्या वाकड्या आल्या, पण लाल आल्या. ती टॉवेलनं तोंड पुसत आली आणि बघत उभी राहिली.

मग म्हणाली, "तळंसुद्धा?"

मी म्हणालो, "तळंसुद्धा."

"आणि बदकं?"

मी लाल पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता मध्येच थांबली, कारण चोपन्न हा आकडा तिला आठवला. तारीख एकवीस होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः मोठ्या बाईंकडे गेली, मला पुढे न करता (मी येतो म्हणालो होतो, सदराही काढला होता), आणि सांगून आली. बाई म्हणाल्या म्हणे की सख्ख्या आजोबांच्या अक्षराखाली जी लाल रेघ घेऊन येते, तिच्या हिरव्या रेघा मी तपासत बसणार नाही. पण शंभर म्हणजे शंभर, आणि तीस म्हणजे तीस.

त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं, राग नव्हता, नुसतं विचारलं, की आजोबा, तुमच्या अख्ख्या वर्गात खरोखर बघणारं कुणीच नव्हतं का?

आणि मला तू दिसलास. शाळेच्या मागे, तळ्याच्या नव्हे, कुंपणाच्या काठाला उकिडवा बसलेला. हातात तुझ्या वडलांच्या दुकानातलं दुरुस्तीला आलेलं कुणाचं तरी घड्याळ, मांडीवर वही, आणि नाक त्या एकदांडीच्या फुलांत, जिच्यावर आपण सगळे पाय देऊन जायचो. गुरुजींनी तुझी वही एकदाच वर्गात वाचली, सगळ्यांना हसवायला. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. एवढ्यावर थांबलो नाही, मी त्यातल्या पाच ओळींना चाल लावली आणि आठवडाभर तुझ्या मागे म्हणत फिरलो. कविता एकदा तोंडात बसली की माझ्या तोंडातून जात नाही हे तुला माहीतच आहे, त्यामुळे नातीपुढे मी ती त्याच चालीत म्हणून दाखवली:

दहा वीस, एकदांडी,
लहान मधमाशी तीन,
पट्ट्यांची माशी एक,
जागच्या जागी तरंगते,
पाय पिवळे, ऊन.

नात उठून उभी राहिली. म्हणाली, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटली. फूल आहे, वेळ आहे, आकडा आहे, मधमाशी नसलेली माशी वेगळी ओळखली आहे, पायाला पराग लागलेला दिसतोय, हवा कशी ते आहे. तेरा वर्षांच्या मुलानं पाच ओळींत सगळे रकाने भरलेत, आजोबा, आणि एकही शब्द जास्तीचा नाही! मी म्हणालो, गुरुजींनी खाली शेरा मारला होता, भाषेत गोडवा नाही. ती म्हणाली, गोडवा फुलात आहे ना, यांनी तो तिथेच राहू दिला. (मी हे वाक्य कागदावर लिहून ठेवलंय. तिला सांगू नकोस, डोक्यात हवा जाईल.) मग तिनं हिरवी पेन्सिल उचलली, माझ्याकडे बघितलं, ती खाली ठेवली आणि त्या पाच ओळींखाली निळी रेघ ओढली. ऐकीव. कारण वही समोर नाही, नुसता मी आहे, आणि माझ्या शब्दाची किंमत त्या घरात सध्या निळ्याच्याही खाली आहे.

तुला ठोंब्या हे नाव गुरुजींनी त्याच दिवशी ठेवलं आणि मी ते पासष्ट वर्षं चालवलं. आजही सुरुवातीला तेच लिहिलं, दुसरं हाताला येईना. पण खरं सांगू, वर्गात चाळीस मुलं होती, आणि फुलाकडे बघितलं ते तू एकट्यानं. आम्ही सगळे गुरुजींच्या तोंडाकडे बघत होतो.

तब्येतीला जप, डोळ्यात थेंब वेळेवर घाल (वेळेचं तुला काय सांगायचं), आणि वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुझा,
कविराज (पदवी गुरुजींची, सध्या परत घेण्यात आली आहे)

ता. क. : तुझी ती वही आहे का रे? एवढं विचारायलाच हे सगळं लिहिलं. तू काही टाकत नाहीस, तुझ्या दुकानाच्या खणात आपल्या लहानपणी मोडलेल्या घड्याळांचे काटे अजून आहेत, तेव्हा वहीही असणार. पंचेचाळीस नोंदी हव्यात. पुरं वर्ष लिहिलेलं असेल तर त्याहून जास्तच निघतील.

दुसरा ता. क. : नात येत्या रविवारी सकाळच्या बसनं तुझ्याकडे येते आहे. नाही म्हणू नकोस, तिकीट काढून झालंय. ती विचारेल त्याला 'हं' सोडून काहीतरी उत्तर दे. तू 'मी पाहिले' हे शब्द वहीत एकदाही लिहिले नव्हतेस आणि त्यासाठी छडी खाल्लीस, हे मी तिला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, लिहायची गरजच नव्हती. आणि तिच्यासमोर बदकांचा विषय काढू नकोस.

तिसरा ता. क. : तिच्या हाती बक्षिसाचं शाईचं पेन पाठवतो आहे. गुरुजींनी मला दिलं होतं, मी आजवर वापरलं नाही, कविता लिहायचं म्हणून राखून ठेवलं होतं. ठेवून घे. शाई तूच भर, माझ्या हातून सांडते.

चौथा आणि शेवटचा ता. क. : वर पंचेचाळीस लिहिलंय ते चुकून नव्हे. चोपन्न आणि पंचेचाळीस मिळून नव्याण्णवच होतात, हे मलाही कळतं. शंभरावी माझी आहे. माझ्या वहीत लाल ओढता ओढता मी एका नोंदीपाशी थांबलो होतो आणि नातीनंही वाचून तिची हिरवी रेघ तशीच राहू दिली. त्यात यमकबिमक काही नाही, गुरुजींनीही तिच्यावर काट मारली होती. 'मी पाहिले की भोपळ्याचे फूल दुपारी मिटले व भुंगा आत राहिला. ठोंब्याने पाकळी उघडून त्यास सोडले.' तीन वर्षांत तेवढं एक मी खरोखर पाहिलं. खिडकीतून तुझ्याकडे बघत होतो, भुंगा मध्ये आला.